नारळावरचे हात

(दुबईतल्या अल मनखूलमधल्या एका फ्लॅटचं डायनिंग टेबल. शनिवारची सकाळ. टेबलावर चार्टपेपर, गोंद आणि मुलांच्या बारा वह्या. स्वयंपाकघरातून तव्याचा चर्र आवाज.)

समिधा : ...शुभ्राला तर आता इंग्लिशमध्ये विचार, मराठीत विचार, उत्तर फ्रेंचमध्येच येतं. परवा झोपेत बडबडत होती, तीही फ्रेंच! नीलेश म्हणाला, डॉक्टरला दाखवू या का. म्हटलं, हबीबी, याला रिझल्ट म्हणतात.

अनुपमा : कैवल्य झोपेत नुसता घोरतो.

समिधा : घोरू दे गं. हळूहळू घोरण्यालाही अ‍ॅक्सेंट येईल. ट्रस्ट द प्रोसेस. तो निळा कागद दे इकडे.

नर्मदाबाई : (आतून) समिधा, हे घावन बघून जा गो. जाळी काय सुंदर पडलीय!

समिधा : आई, जाळी नकोय. आणि घावन म्हणू नका ना प्लीज. सोमवारी शाळेत फ्रेंच डे आहे, आपला स्टॉल आहे. तिथे क्रेप म्हणायचं.

नर्मदाबाई : तांदळाचं पीठ, पाणी, मीठ. देवगडात तरी ह्याला घावनच म्हणतात.

समिधा : देवगडात बरोबर आहे. इथे पंधरा दिरहॅमला विकायचंय.

नर्मदाबाई : म्हणजे किती?

अनुपमा : साडेतीनशे रुपये, काकू.

नर्मदाबाई : एकाला?

अनुपमा : एकाला.

नर्मदाबाई : मग क्रेप.

समिधा : बघ, सासूबाई दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आल्या आणि मार्केटिंग शिकल्या. अनु, तू अशी गप्प का?

अनुपमा : काही नाही गं. सोमवारी यादी द्यायची ना ऑफिसला. बारा नावं. रात्रभर मी तेच मोजत होते.

समिधा : मोजायचं काय त्यात? बारा म्हणजे बारा. खलास.

नर्मदाबाई : (बाहेर येत) बारा कशाला लागतात? आमच्या शाळेत चार पोरांवर चौथी चालायची.

अनुपमा : इथे शाळेनं नियम काढलाय, काकू. पुढच्या वर्षी फ्रेंच सेक्शनला बारा मुलं असतील तर वर्ग चालू. अकरा झाली की बंद. आणि इंग्लिश सेक्शनला चौथीत जागाच नाही. म्हणजे कैवल्य घरी.

समिधा : अकरा होणारच नाहीत! दिवाळीच्या पाडव्याला सगळ्यांनी नारळावर हात ठेवून शपथ घेतलीय. प्रत्येक घरातून एक हात. आयडिया कुणाची? कमिटीची प्रेसिडेंट कोण?

अनुपमा : तू.

समिधा : मग? घे, घावन खा.

नर्मदाबाई : क्रेप.

अनुपमा : नको, जात नाही घशाखाली. राजन आज शनिवारीसुद्धा पहाटे पावणेपाचला निघाला अबू धाबीला, मुसफ्फाला. आम्ही तिकडे राहत होतो तेव्हा दहा मिनिटांत वर्कशॉपला पोचायचा. कैवल्यच्या फ्रेंचसाठी इकडे आलो. आता जाऊन-येऊन चार तास गाडीत. परवा सिग्नलला झोप लागली त्याला. मागच्या पाकिस्तानी ट्रकवाल्यानं उतरून काच वाजवली. म्हणाला, भाईसाब, बत्ती हरी हो गई, दो बार.

समिधा : सो स्वीट. हे बघ, यू आर डुइंग इट फॉर हिज फ्यूचर. उद्या कॅनडाचं झालं तर फ्रेंच कामाला येईल ना? चल, आता वह्या. प्रत्येकाच्या फ्रेंच डायरीतलं एक बेस्ट पान निवडायचं, मोठ्ठं करून चार्टवर लावायचं. वर लिहायचं, 'आमची मुलं, आमचं घर'. शुभ्राचं कुठलंही घे. सगळी पानं भारीच आहेत.

अनुपमा : वाचलीस?

समिधा : वाचायला कशाला पाहिजे? फील येतो. रोज रात्री मी प्रत्येक पानावर सही करते. वर सोनेरी स्टार. हे बघ, इकडे ब्राव्हो, इकडे हार्ट. फ्रेंचच्या मादाम नबिला म्हणाल्या, असा पेरेंटल सपोर्ट त्यांनी ट्युनिसमध्येही पाहिला नाही.

अनुपमा : राजननं माझ्या फोनमध्ये ते अ‍ॅप टाकलंय. पानावर कॅमेरा धरला की सरळ मराठी येतं. कैवल्यचं काल बघितलं. सहा पानं फक्त मांजरावर आहेत.

समिधा : तुमच्याकडे कुठे मांजर आहे?

अनुपमा : तेच लिहिलंय. मांजर नाही म्हणून. थांब, शुभ्राचं बघू.

समिधा : बघ ना! मोठ्यानं वाच. आई, तुम्ही पण ऐका, तुमच्या नातीचं.

अनुपमा : 'माझी आजी भारतातून आलेली आहे. ती लिफ्टमध्ये सर्व अनोळखी पुरुषांना तुम्ही जेवलात का असे विचारते. एका पुरुषाने नाही म्हटले. तो आता आमच्या घरी जेवतो.'

नर्मदाबाई : चौथ्या मजल्यावरचा केरळचा पोरगा. एकटाच राहतो बिचारा.

समिधा : किती क्यूट! हेच लावू या?

अनुपमा : अजून एक बघते. 'माझे बाबा म्हणतात की ते ऑफिसमध्ये आहेत, परंतु ते खाली गाडीत बसून क्रिकेट पाहतात. मी त्यांना चिप्स नेऊन देते.'

समिधा : काय?

अनुपमा : खाली तुझी सही आहे. आणि स्टार.

समिधा : येऊ दे घरी, यल्ला, बघतेच त्याला! पुढचं वाच.

अनुपमा : 'आज आम्ही तरणतलाव असलेली शाळा पाहिली. शाळा अत्यंत निळी आहे.'

समिधा : अं... ते काही विशेष नाही. दुसरं घे. ते मांजराचंच लाव कैवल्यचं, छान वाटेल—

अनुपमा : 'माझी आई म्हणाली की हे कैवल्यला सांगणे निषिद्ध आहे.'

समिधा : अनु, हे अ‍ॅप ना, काहीही देतं. एआय आहे. मागे आमच्या ऑफिसात त्यानं बॉसला बैल म्हटलं होतं. दे वही इकडे.

अनुपमा : थांब.

समिधा : मुलं फँटसी लिहितात गं. इमॅजिनेशन!

अनुपमा : वही ओढू नकोस, फाटेल. 'ही जागा कैवल्यची होती. अनु मावशीने जागा नको असे पत्र पाठवले. मग माझी आई दुसऱ्या क्रमांकावरून पहिल्या क्रमांकावर आली. रात्री आम्ही पिझ्झा खाल्ला.'

नर्मदाबाई : मला त्यातलं काही कळलं नाही. पण पिझ्झा खाल्लेला खरा आहे.

अनुपमा : खाली सही. स्टार. आणि ब्राव्हो लिहिलंयस. मादामनी लाल पेननं लिहिलंय, 'प्रामाणिक लेखन. असेच लिहीत राहा.'

समिधा : अनु, ऐक ना—

अनुपमा : त्या शाळेच्या वेटिंग लिस्टवर आम्ही दोन वर्षं होतो, समिधा. जानेवारीत नंबर लागला. मी तुला विचारलं, एक जागा हाताशी असू दे का. तू काय म्हणालीस?

समिधा : मी इन जनरल बोलले होते.

अनुपमा : 'दोन्हीकडे पाय ठेवलास तर बाकीच्यांचा विश्वास उडेल.' हे म्हणालीस. मला इंग्लिश ईमेल नीट लिहिता येत नाही म्हणून तूच लिहून दिलास. 'काइंडली रिलीज द सीट.' मी 'प्लीज' लिहिलं होतं. ते खोडून 'काइंडली' तू घातलंस.

समिधा : 'काइंडली' जास्त फॉर्मल असतं.

अनुपमा : तुला माहीत होतं, आमच्या मागे तुझा नंबर आहे.

समिधा : तेव्हा नक्की नव्हतं माहीत.

अनुपमा : पिझ्झा कधी खाल्लास?

समिधा : ...त्याच दिवशी.

नर्मदाबाई : मशरूमचा होता. मला नाही आवडला.

समिधा : आई, तुम्ही जरा आत बघता का? तवा जळतोय.

नर्मदाबाई : गॅस कधीच बंद केला.

अनुपमा : शुभ्रा आत्ता कुठे आहे?

समिधा : सांगितलं ना, नीलेशबरोबर स्विमिंगला.

अनुपमा : स्विमिंगचा कोच सुट्टीवर गेलाय. कैवल्यचाही तोच कोच आहे.

समिधा : बुडालेल्या तासाचा मेकअप क्लास आहे.

नर्मदाबाई : अगो, पोहायला कुठे? टेस्ट आहे ना तिची नव्या शाळेत. टाय घालून गेलीय. मीच तर दही-साखर दिली हातावर.

समिधा : आई!

नर्मदाबाई : तू मला सांगितलंस, कैवल्यला सांगायचं नाही. हिला सांगायचं नाही असं कुठे म्हणालीस?

अनुपमा : म्हणजे आजच टेस्ट. आणि सोमवारी तू यादी देणार होतीस. त्यात शुभ्राचं नाव घालून?

समिधा : ...घालून नाही.

अनुपमा : मग?

समिधा : काल दुपारी विथड्रॉवलचा ईमेल पाठवला. त्या शाळेला ट्रान्सफरचा कागद आधी लागतो. टेस्ट म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी. पण ऐक, मी बारावा शोधत होते! सीरियसली. जुलेखाची धाकटी—

अनुपमा : ती अडीच वर्षांची आहे.

समिधा : उंच आहे गं ती.

अनुपमा : समिधा, आत्ता आपण अकरा आहोत.

समिधा : सोमवारपर्यंत, इन्शाल्ला, कुणीतरी—

अनुपमा : काल दुपारी ईमेल केलास. काल संध्याकाळी ग्रुपवर मेसेज टाकलास, 'कुणी डगमगू नका, नारळ आठवा.' वर तीन हातांची चित्रं.

समिधा : प्रेसिडेंट म्हणून टाकावं लागतं.

अनुपमा : तू तर शपथ घेतली होतीस. गणपतीच्या फोटोसमोर. मला आठवतंय, तू मोठ्यानं म्हणून घेत होतीस आणि आम्ही तुझ्यामागून... थांब. फोटो आहे माझ्याकडे.

समिधा : आता फोटो कशाला काढतेस उकरून?

अनुपमा : हा जुलेखाचा, मेंदी आहे. हा सुजीतचा, घड्याळ. हा राजनचा, नखात ग्रीस. त्या दिवशी वर्कशॉपमधून थेट आला होता. मी म्हटलं होतं, माझा हात ठेवते, तर म्हणाला, नाही, मीच ठेवतो. सगळ्यात खाली आहे, नारळाला चिकटून. आठ, नऊ, दहा, अकरा.

नर्मदाबाई : बारावा कुणाचा?

अनुपमा : बारावा हात नाहीच, काकू. ही फोटो काढत होती.

समिधा : कुणीतरी काढायला पाहिजे होता ना!

अनुपमा : तेव्हाही 'स्माइल' म्हणालीस. आम्ही सगळे हसलोय बघ.

समिधा : अनु, मी वाईट नाहीये. तू मला ओळखतेस. सात वर्षं झाली. तुझ्या बाळंतपणात मी—

अनुपमा : डबा आणायचीस. रोज. तेच आठवतंय आणि म्हणून जास्त लागतंय.

समिधा : मग ऐकून तरी घे. शुभ्रा झोपेत बडबडते ना, मी उठून बसते तिच्याजवळ. मला एक शब्द कळत नाही गं. मागच्या महिन्यात शाळेतून रडत आली. काय झालं विचारलं, तर फडाफडा सगळं फ्रेंचमध्ये. मी नुसती 'वुई, वुई' करत पाठीवर हात फिरवला. कशासाठी रडत होती ते आजतागायत माहीत नाही मला. बाहेर सगळ्यांना सांगत फिरते, माझी मुलगी फ्रेंच. घरात मला वाटतं, कुणीतरी पाहुणी आलीय. मला माझी मुलगी परत पाहिजे होती. एवढंच.

अनुपमा : मग वही वाचायचीस.

समिधा : मला कुठे येतं—

अनुपमा : अ‍ॅप फुकट आहे.

नर्मदाबाई : सून माझी आहे, पण तुझं खरं आहे गो.

अनुपमा : आणि तुला भीती वाटली, तर मला सांगायचं होतंस. मलाही वाटते. कैवल्य फोनवर आजीशी बोलतो तेव्हा आजी म्हणते, त्याला द्या ना फोन, हे कोण बोलतंय? आपण दोघी मिळून रडलो असतो. एका जागेवर दोघींनी चिठ्ठी टाकली असती. तुझी आली असती तर मीच पिझ्झा आणला असता.

समिधा : सॉरी.

अनुपमा : राजनला काय सांगू? संध्याकाळी येईल, बूट काढता काढता पहिला प्रश्न विचारेल, बारा झाले का. रोज विचारतो.

समिधा : मी बोलते राजनशी.

अनुपमा : नको. तू ईमेल लिहून देशील.

नर्मदाबाई : त्या वहीत शेवटच्या पानावर पण काहीतरी आहे. कालच लिहीत बसली होती पोरगी, जीभ बाहेर काढून. मला म्हणाली, 'आजी, डोन्ट लुक.' मला दिसून तरी काय कळणार होतं?

समिधा : राहू दे आता, अनु. प्लीज.

अनुपमा : 'शनिवारी परीक्षा आहे. माझी आई म्हणते की सर्व काही सुंदर होईल. मला कैवल्यच्या खुर्चीवर बसायचे नाही. मी हे आईला मराठीत सांगितले होते. ती फोनवर होती. मी काय करावे याचा मी विचार करत आहे.'

समिधा : मराठीत सांगितलं?

अनुपमा : असं लिहिलंय.

समिधा : कधी?

अनुपमा : तारीख नाही. सही आहे. स्टार दोन आहेत या पानावर.

समिधा : एक सुटून आला होता पाकिटातून. वाया कशाला घालवायचा म्हणून...

अनुपमा : कैवल्यची वही मी नेते. मांजराचं पान लावू नकोस कुठे.

समिधा : अनु, बस ना. चहा तरी घे.

अनुपमा : तुझा फोन वाजतोय.

समिधा : वाजू दे.

नर्मदाबाई : मी घेते. निलूच असेल. हॅलो... हां, बोल रे... सगळा?... बरं... बरं... दे तिला जरा... नाही म्हणते? असू दे, असू दे... थांब, विचारते.

समिधा : काय झालं, आई?

नर्मदाबाई : शुभ्रानं सगळा पेपर फ्रेंचमध्ये लिहिलाय. बाईंनी तीनदा सांगितलं इंग्लिशमध्ये लिही म्हणून, तर तीनदा 'नो, थँक यू' म्हणाली. ती जागा यादीतल्या पुढच्या पोराला दिली. निलू विचारतोय, येताना नारळ आणू का.