नातीची गोळी आणि रंगाऱ्याची जीभ

...नाही ओळखणार तुम्ही शेवट, पैज लावा, अहो ज्याच्यावर बेतलं त्या रंगाऱ्याला ओळखता आला नाही तर तुम्ही कुठले ओळखताय. जन्मभर भिंती रंगवल्या म्हाताऱ्यानं आणि भिंतींपेक्षा जास्त थापा. घर पेटलं म्हणून बायकोला अर्ध्या आंघोळीतून पळवणारा माणूस, तुम्हाला सांगतो, आणि वर म्हणणार, ‘धावता येतंय का अजून, बघत होतो.’ त्यानं एकदा खरं बोलून बघितलं. पण खऱ्याला विचारतंय कोण?

तर त्याला नात झाली. तीन-चार आठवडे आधीच, पोरीलाच घाई. मूठभर जीव, पण गुणाचा किती... रडणं नाही, भूक नाही, नुसती झोप. घरभर कौतुक. शिडीवरून बोंबलण्यात हयात गेलेला माणूस पाळण्यापाशी कुजबुजायला लागला.

आणि दवाखान्यातून फोन आला, नेमका याच्याच हातात. नर्सबाई म्हणाल्या, ‘आजोबा, बाळाच्या टाचेतलं रक्त घेतलं होतं ना, त्यात थायरॉइडचं हार्मोन कमी आलंय. लवकर जन्मलेल्यांची गळ्यातली ती ग्रंथी कधीकधी उशिरा जागी होते, आपोआप सुधारतेही. पण मेंदू वाढायचे दिवस आहेत, वाट बघायची नाही. आजच परत तपासायला आणा.’

म्हाताऱ्यानं फोन तसाच टाकला. गेला सुनेकडे, ती लंगोट वाळत घालत होती, मागे वळलीसुद्धा नाही.

‘बाबा, तान्ह्या लेकरावर तरी थापा मारू नका.’

‘अगं शपथ.’

‘शपथ कालही घेतली होती.’

‘मग फोन लाव दवाखान्यात.’

‘मागे तुम्ही दिलेल्या नंबरावर लावला होता की. पोलीस चौकी म्हणून कोण बोललं होतं पलीकडून?’

मीच बोललो होतो, पण तो विषय आज नको.

रंगारी रडायला लागला हो. खरंखुरं. तर बायको दारातून म्हणते, ‘आज पाणीपण आणलंय डोळ्यांत. कांदा कुठं लपवलाय?’ आता सांगा, खऱ्याला विचारतंय कोण?

मग पायरीवर जाऊन बसला, नाक पुसलं, आणि आत आला तो छाती काढून. ‘बरं, ते राहू दे. दवाखान्यात आज तान्ह्या बाळांचे फोटो काढतायत, सगळ्यात गोडाचा मोठ्ठा करून दाराशी लावणार म्हणे. आपलं कुठलं जमायला, शेजारीण तर नातवाला घेऊन गेलीसुद्धा...’

झालं. फ्रॉक काय, टोपडं काय, लोकरीचे मोजे काय, सासूच्या पायात एक चप्पल स्वतःची आणि एक सुनेची, आणि वरात निघाली दवाखान्यात.

तिथं नर्सबाईंनी तोच मोजा काढला, पाऊल तळव्यात धरून ऊब दिली आणि टाचेला टोचलं. पोर जरासं कण्हली, तेवढंच. रडायचाही आळस. सुनेनं सासऱ्याकडं बघितलं, सासऱ्यानं फरशीकडं.  टाचेवर धरायचा बोळा तिनं त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, ‘घट्ट धरा, बाबा.’

हार्मोन कमीच निघालं. डॉक्टरांनी गोळी दिली, रोज सकाळी चमचाभर दुधात कुस्करून. म्हणाले, तीन वर्षांची झाली की थांबवून बघू, ग्रंथी जागी झालेली असली तर सुटली. आणि काय सांगू, महिन्याभरात पोर अशी रडायला लागली की छप्पर उडेल, आणि घरातले सगळे बसलेत आपले हसत, जसं काही गाणंच चाललंय.

पण सुनेची कामावरची पाळी पहाटेची, सासूला बारीक दिसत नाही. गोळी देणार कोण? रंगारी.

सून म्हणाली, ‘बाबा, मी तिथून फोन करून विचारणार, दिली का? तुम्ही दिली म्हणालात की दिली. पण घरात एक जरी थाप मारलीत, तर त्या ‘दिली’वर मी विश्वास कसा ठेवू?’

 रंगाऱ्यानं मान डोलावली. तीन वर्षं हो... मासळीला सांगा पोहू नको.

परवा बायकोनं विचारलं, भाजी कशी झालीय. रंगाऱ्यानं पाळण्याकडं बघितलं आणि खरं सांगितलं.

कालपासून आमच्याकडे जेवतोय.