दुनळीची स्प्रिंग

कात्रीला धार लावायला आलेली शिंपीणबाई बंदूक दुरुस्तीच्या दुकानात नंबर लावून बसली होती. पुढची बाई कारागिराशी बोलत होती, तशी हिने कान टवकारले.

“मामंजींनी जुनी दुनळी साफ करायला खोलली आणि पुन्हा जोडताच येईना. दोन दिवस त्या सुट्या भागांसमोर गप्प बसून होते हो.”

“काल इकडे पाठवलंत, बरं केलंत.”

“घरी आले ते गुणगुणतच! म्हणाले, कारागिराला स्प्रिंग बसेना, मीच बसवून दिली.”

“खरंय ते.”

“चाळीस वर्षं हेच काम करता, आणि तुम्हाला बसेना?”

“काल नाही बसली, वहिनी.”

“काय बोलू मी... फार उपकार झाले तुमचे.”

“उपकार कसले? मंगळवारी पुन्हा पाठवा त्यांना. आणखी एक दुनळी खोलून ठेवलीय.”