बोअरच्या पाण्याचे दात

दातांच्या दवाखान्यात सुजल्या गालाच्या मास्तरांना बोलता येत नव्हतं, म्हणून ते शेजारच्या आजी-नातीचं ऐकत बसले.

"आजी, सत्तरीतही तुझे दात पांढरेशुभ्र. माझेच का पिवळे? लग्नाचे फोटो तोंड मिटून काढू का?"

"मी विहिरीचं पाणी प्यायले, तुम्ही बोअरचं. खोल पाण्यातला क्षार दातांवर उतरतो म्हणे."

"मग ती बोअर मारायला लावली कुणी?"

"मीच. कचेरीच्या दारात ठाण मांडून बसले होते."

"चांगली विहीर सोडून?"

"चांगली? दर पावसाळ्यात हगवणीची साथ यायची. आम्ही पाच भावंडं, त्यातली मी एकटी उरले."

"चौघंही त्या साथीत गेली?"

"चौघंही. तुम्ही भावंडं किती गं?"

"पाच."

"पाचच्या पाच! असू देत पिवळे."