डीकनच्या दाढीवर अडलेली लढत

...आणि वर मलाच म्हणतात, एल्रॉय, तू लबाड! मी? अहो, मेलेला माणूस नऊ आकडे मोजल्यावर उठून उभा राहिला, त्यात माझा काय दोष? तुम्हीच सांगा! बसा, बसा, खुर्ची ओढा... ती नको, खिडकीजवळची नको, ती ओझेलची. गेला तो कॅरोलिनाला लेकीकडं, तरी ती त्याचीच.

तुम्हाला सांगतो, आमच्या उत्तर फिलाडेल्फियात, या क्लिओथा न्हाव्याच्या दुकानात, शनिवारी दुपारी केस कापायला कोणी येत नाही. कापून जातात, ते वेगळं. येतात ते मेलेल्यांची झुंज लावायला! आजचा एक बॉक्सर घ्यायचा, आजोबांच्या काळातला एक घ्यायचा, दोघांना एका रिंगणात सोडायचं, आणि कोण जिंकलं असतं यावरून जिवंत माणसांनी एकमेकांच्या अंगावर जायचं. "अरे, तुझा तो दोन फेऱ्यांत धापा टाकत बसला असता!" "धापा? तुझ्या त्याला तर मोजे घालतानाच धाप लागायची!" सख्खे मेव्हणे बोलत नाहीत हो एकमेकांशी. कशापायी? लढत झालीच नाही ना हो!

पण नियम कडक, बरं का. दोघंही ऐन भरातले घ्यायचे, गुडघे नवे, दात सगळे. घंटा म्हणजे क्लिओथाची कात्री, पावडरच्या डब्यावर, टण्ण! वर्णन मी करायचं, कारण न बघितलेलं बघितल्यासारखं सांगायला माझ्यासारखा दुसरा नाही. आणि निकाल? निकाल हजामतीच्या खुर्चीतल्या माणसानं द्यायचा, गळ्यावर वस्तरा असताना. वस्तऱ्याखाली माणूस खोटं बोलत नाही, असं क्लिओथाचा बाप म्हणायचा. ज्यानं लढत सुरू होताना खुर्ची धरली, त्यानंच निकाल द्यायचा, दुसऱ्या कोणाचा चालत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढं आमची मान यातच अडकलीय.

तर हा ओझेल बास्कम. खराखुरा हेवीवेट हो, आमच्यासारखा तोंडानं लढणारा नव्हे! तरुणपणी पार किताबाच्या लढतीपर्यंत गेला आणि गुणांवर हरला. झालं! तेव्हापासून या दुकानात त्याला ज्याच्या त्याच्यासमोर उभा करायचे आणि आडवा करायचे. आणि तो कुठं? तिथंच, खिडकीत, पेपरमिंट चघळत! "ओझेल विरुद्ध अमका?" "तिसऱ्या फेरीत ओझेल झोपला!" एकदा तर क्लिओथानं त्याला ट्रामला घोडे जुंपायचे त्या काळातल्या एका मिशीवाल्याकडून मार खायला लावला. ओझेल काय म्हणाला? "मिशी चांगली असेल त्याची." बस्. पण मी बघत होतो ना... तोंडातली गोळी काढली, कागदात परत गुंडाळली आणि खिशात ठेवली. कशी बरं गोड लागेल?

तो त्याचा इथला शेवटचा शनिवार, सोमवारी तो लेकीकडं कायमचा जाणार होता. म्हणलं, हा माणूस इथून हरूनच जायचा? एकदा, फक्त एकदा, जिंकून जाऊ दे की! मी क्लिओथाच्या कानाला लागलो. "आज ओझेल जिंकणार."

"कोणाशी?"

"मोझेस गेंट्री."

त्याचा वस्तरा हवेतच थांबला. "म्हाताऱ्या, डोकं फिरलं का तुझं? गेंट्रीला कधी कोणी पाडलंय?"

"म्हणून तर!"

गेंट्री म्हणजे आमच्या आजोबांच्या वेळचा, गोदीवर पिंपं उचलणारा. मानेच्या जागी नुसता खांदाच! ओझेल जन्मायच्या आधीच मेला, पण ओझेलच्या लहानपणी त्याच्या पलंगाच्या वर, भिंतीला गेंट्रीचाच फोटो. एकदा म्हणाला होता मला, "एल्रॉय, तो एकच माणूस. त्याच्याशी लढायला मिळालं असतं तर..."

खुर्चीत होते आमच्या चर्चचे डीकन पर्नेल. म्हणलं, "डीकन, निकाल ओझेलचा हं."

"मी देवाचा माणूस आहे, एल्रॉय. खोटं नाही बोलणार."

"क्लिओथा, वस्तऱ्याला धार आहे ना रे?"

"...ओझेल गुणी पोरगा आहे," डीकन म्हणाले. क्लिओथानं त्यांच्या तोंडावर गरम टॉवेल टाकला आणि टण्ण!

आणि काय सांगू तुम्हाला... दुपारचं ऊन त्या निळ्या बाटल्यांतून जमिनीवर पडलेलं, पंखा हळूहळू फिरतोय, पावडर हवेत तरंगतेय... मी बोलायला लागलो आणि बोलता बोलता ही फरशी पांढरी होत गेली हो, रिंगणासारखी! चार बाजूंनी दोर वर आले. त्या आरशातनं गेंट्री उतरला, अंगाला नदीचा वास. आणि या बाजूनं ओझेल... पंचवीस वर्षांचा! पोट कुठं गेलं? टक्कल कुठं गेलं? सगळ्यांनी डोळे मिटलेले. खरा ओझेलही डोळे मिटून, पण त्याचे बूट बघा... डावा पुढं, उजवा मागं... सरकायला लागले! ज्या गुडघ्यांना जिना चढवत नव्हता ना, ते गुडघे!

मी काय कंजुषी करतो? सातव्या फेरीत ओझेलला जरा रक्त काढू दिलं, नाहीतर खरं वाटत नाही. आठवीत दिला उजवा ठोसा! गेंट्री खाली! गोदीवरचं पिंप पडावं तसा... धड्डाम्! मोजायला लागलो. सात... आठ... क्लिओथाच्या डोळ्यांत पाणी... नऊ...

"थांब!"

कोण? ओझेल! उभा राहिलेला!

"उठला तो," म्हणतो.

"कोण उठला?"

"गेंट्री. त्या ठोशानं तो पडून राहील होय? माझा उजवा हात उशिरा यायचा, एल्रॉय. तुला काय माहीत?"

"अरे गाढवा, लढत मी सांगतोय!"

"मग नीट सांग!"

आणि त्यानं माझ्या तोंडातनं लढत काढून घेतली हो! स्वतःच सांगायला लागला. गेंट्री कसा गुडघ्यावर आला, दोराला धरून कसा हसला, मग याच्या बरगड्यांत कसा घुसला... आम्ही ओरडतोय, "ओझेल, हात वर घे! पाजी माणसा, स्वतःला मारून घेऊ नकोस!" हा ऐकतोय कुठं? खाली पडतोय, उठतोय, घामानं निथळतोय, खिडकीतल्या उन्हात एकटाच नाचतोय. पंधरा फेऱ्या! शेवटची घंटा झाली तेव्हा दोघंही उभे. ओझेल आपल्या खुर्चीत कोसळला आणि हसायला लागला. असा हसताना मी त्याला या जन्मात बघितला नव्हता.

"डीकन," तो म्हणाला, "खरं सांगा. कोण जिंकलं?"

क्लिओथानं टॉवेल उचलला.

डीकन घोरत होते.

अहो, गरम टॉवेल! आठव्या फेरीच्या आधीच झोपले होते म्हणे! हलवून उठवले, तर म्हणतात, "आमेन!" आता आमेन हा निकाल धरायचा का? आणि कोणाच्या बाजूचा? त्यांना सगळं परत ऐकवावं, तर क्लिओथानं लढत चालू असतानाच त्यांची दाढी उरकून परत टॉवेल टाकलेला, डोळे मिटलेत म्हणजे ऐकतायत असं समजून! गालावर एक केस नाही, मग वस्तरा कशाला लावायचा? वस्तऱ्याशिवाय निकाल नाही, दुसऱ्याचा निकाल चालत नाही!

ओझेल गेला सोमवारी. पण दर शनिवारी फोन येतो. आम्ही तो पावडरच्या डब्याजवळ ठेवतो. "एल्रॉय, रात्रभर विचार केला. अकराव्या फेरीत माझा डावा लागला होता. परत घे ती फेरी." मागनं लेक ओरडते, "बाबा, पलंगावरनं खाली उतरा!" आम्ही डीकनना खुर्चीत बसवून अकरावी परत घेतो. मग त्याला नववीत शंका येते. आणि तोपर्यंत डीकनची दाढी? संपलेली! वय झालंय हो त्यांचं, उगवते तरी किती? पुढच्या शनिवारपर्यंत थांबा, उगवली की बघू.

क्लिओथा म्हणतो, "देऊन टाकू की रे निकाल, सांगू त्याला जिंकलास म्हणून." म्हणलं, सांगून बघ. मी सांगितलं होतं एकदा. फोनवर नुसता शिव्या देत होता, "लबाडा, गेंट्रीला पैसे चारलेस का?"

आता काय करता? लढत झालीच नाही ना हो... आणि मेली संपतही नाही!