साठीतली जिम

हसायचं असलं तर आधीच हसून घ्या गड्यांनो. साठी उलटल्यावर मी जिम लावली, ती डॉक्टरनं सांगितलं म्हणून. शुगर वाढलेली, जिना चढताना धाप लागायची, आणि बायकोजवळ जायचं म्हणलं की अंगच साथ देईना. डॉक्टर म्हणाले, "नुसत्या गोळ्यांवर राहू नका, वजनं उचला. स्नायू कमावले की शुगर आटोक्यात येते, रक्त नीट फिरतं आणि म्हातारपणही हलकं जातं."

काही महिन्यांत खरंच फरक पडला. माझी बायको सुमन पण खुलली. म्हणाली, "पुन्हा माणसात आलासा की!"

मग जिममध्ये मला बघून पोराच्या मित्रांनी त्याला चिडवलं. घरी येऊन तो सुनंसमोरच ओरडला, "आबा, ह्या वयात कुणासाठी बॉडी करताय? लाज न्हाय वाटत?"

सुमन खाली मान घालून उठली आणि आपली उशी घेऊन नातीच्या खोलीत गेली. मी मागनं गेलो. म्हणलं, "अगं, आपण नवरा-बायको हाय. कुणाची चोरी हाय काय?"

"चोरी न्हाय वो," ती म्हणाली, "पण सकाळी सुनंच्या हातनं चहा मला घ्यायचाय."