वीस उलट्या खुर्च्या

संस्थेचे माननीय अध्यक्ष, प्राचार्य महोदय, व्यासपीठावरच्या आदरणीय पाहुण्या, माझे सहकारी, विद्यार्थी, आणि वाचनालयात कुजबुजायचे तसेच आत्ताही कुजबुजणारे माजी विद्यार्थी, सर्वांना नमस्कार.

एकतीस वर्षं मी इथे ग्रंथपाल होते. आज निरोप देताना माझ्याबद्दल बरंच गोड बोललं गेलं. ते पुरे. मी खुर्च्यांबद्दल बोलणार आहे.

वाचनालयातल्या त्या दोनशे लाकडी खुर्च्या तुम्ही रोज पाहता. नीट कधी पाहिल्यात का? पाय खाली निमुळते, केर काढताना झाडू अडत नाही. एका हाताने उचलता येतात. खिळा एकही नाही. चार तास बसा, पाठ कुरकुरत नाही. साठ वर्षांपूर्वी त्या ज्यांनी कागदावर आखल्या, त्यांचं नाव इमारतीच्या पाटीवर नाही. तिथे कंत्राटदाराचं आहे.

मी रुजू झाले तेव्हा वीस खुर्च्यांची लिहायची फळी डावीकडे होती. मला वाटलं, सुताराने चुकून उलट्या केल्या. सगळ्या कोठीत टाकायला लावल्या. शिस्त म्हणजे शिस्त!

गेल्या वर्षी एक मुलगी वेडीवाकडी बसून लिहीत होती. मी दरडावलं, "सरळ बस!"

"मॅडम, मी डावखुरी आहे. सरळ बसले तर वही कुठे ठेवू?"

मला कोठीतल्या त्या वीस खुर्च्या आठवल्या. त्याच दुपारी जुनी फाइल काढली. खुर्चीच्या नकाशावर एका बाईंची सही होती, आणि खाली पेन्सिलने लिहिलं होतं, ‘दहातली एक डावखुऱ्यांसाठी.’

त्या बाई म्हणजे आजच्या आपल्या पाहुण्या. वय शहाऐंशी. त्यांना शोधून काढलं आणि चूक कबूल केली.

"कोठीत किती वर्षं होत्या?" त्यांनी विचारलं.

"तीस."

"अगं, मग नव्याकोऱ्याच असतील की!"

पुढची रांग बघा. त्याच त्या वीस. ती मुलगीही तिथेच आहे. सरळ बसली आहे.

अध्यक्षमहोदय, येत्या सोमवारी सगळ्या दोनशे खुर्च्या भंगारात काढायचा ठराव झालेला आहे. मला भेटवस्तू नको. तो ठराव मागे घ्या आणि पाटीवर बाईंचं नाव घाला. सैल झालेले सांधे सुट्टीत बसवून देतो, असं आपल्या सुतारमामांनी कबूल केलंय.

अध्यक्ष मान हलवताहेत. टाळ्या वाजवा, म्हणजे ती होकाराचीच ठरेल.

छान. झालं काम.

इतकी वर्षं मला सोसलंत, आभारी आहे. माझ्या बोलण्याने कुणी दुखावलं असेल तर मोठ्या मनाने विसरून जा. बाईंची माफी मी मागितलीच होती. त्या म्हणाल्या, "माफीचं राहू दे. माझ्या खुर्चीत कधी बसलीस का?"

नाही, बाई. सगळा जन्म मुलांना गप्प करत फिरण्यात गेला.

पहिल्या रांगेत एक रिकामी ठेवायला सांगितली होती. बसते आता.