लेडी मेंढे

नाही, पण मला एवढंच सांगा, मेंढा बाई असतो का? साधा प्रश्न आहे. आमच्या गावात माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, दुसरीतलं पोर कुंपणापलीकडून एका नजरेत सांगतं की तो मेंढा आणि ती मेंढी, आणि त्याच गावात हा प्रश्न विचारला की मोठमोठी माणसं छताकडे बघायला लागतात. "तसं नसतं गं सिग्ने, ते आपलं नाव आहे." नाव आहे म्हणे. तुम्हाला सांगते, आमच्या कॉलेजचा मुलांचा बास्केटबॉल संघ, त्याचं नाव रॅम्स. रॅम म्हणजे मेंढा, शिंगंबिंगं असलेला, ठीक आहे, शोभतं. आणि आमचा, मुलींचा? लेडी रॅम्स. लेडी मेंढे. चार वर्षं मी हे छातीवर लिहून पळतेय, शेवटचं वर्ष तर कॅप्टन म्हणून, आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही... माझ्या, जिच्या बापाकडे सहाशे मेंढ्या आहेत.

लक्षात आणून दिलं ते जॅझलिननं. ह्यूस्टनची पोरगी, पहिल्या वर्षाला, उडी अशी की बॉल रिंगला लागून परत येईपर्यंत ही वर जाऊन वाट बघत असते, पण मेंढी तिनं आजवर फक्त चित्रात पाहिलेली. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत बर्फामुळे तिचं विमान रद्द झालं म्हणून मी तिला आमच्या घरी आणली. टर्की खाऊन झाली, गोडधोड झालं, बाबा म्हणाले चल, तुला जनावरं दाखवतो. ही मोबाइल काढून तयार. "काका, लेडी मेंढे कुठे बांधता?" बाबा हातात गवताचा भारा घेऊन उभे. "म्हणजे मेंढ्या?" "मेंढ्या वेगळ्या हो. लेडी मेंढे. आमच्या टीमवाले. मला फोटो काढायचाय." बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी बाबांकडे बघितलं, बाबांच्या मेंढ्यानं आम्हा तिघांकडे बघितलं. तुम्हाला खरं सांगते, मला त्या मेंढ्यापुढे लाज वाटली. पन्नास वर्षं अख्ख्या गावाला जे दिसलं नाही ते एका शहरातल्या पोरीनं पाच मिनिटांत विचारलं, आणि तेही भाबडेपणानं.

बरं, त्यानंतर सुरू झाला आमचा हंगाम. आमच्या कॉन्फरन्सची, म्हणजे आमच्या गटातली, आठ कॉलेजं, सगळा हिवाळा एकमेकांशीच खेळतात, आणि शेवटी त्यातला एखादा मुलींचा संघ राष्ट्रीय स्पर्धेला जातो, पहिल्याच सामन्यात हरून परत येतो, ही आमची पद्धत. यंदा किती गेले? चार. आठातले चार. आम्ही सत्तावीस सामने जिंकलो, कॉन्फरन्सचा करंडक घेतला, आणि राष्ट्रीय स्पर्धेत दोन सामने मारून तिसरा एका बास्केटनं हरलो, तो फाउल होता, त्यावर मी आत्ता बोलत नाही, बोलले तर आपण उद्यापर्यंत इथेच बसू. कॉन्फरन्सनं गुळगुळीत कागदावर पत्रक छापलं. "महिला बास्केटबॉलचा अत्यंत यशस्वी हंगाम." फोटो कुणाचा? कॉन्फरन्सच्या प्रमुखांचा. करंडक हातात धरून हसतायत. उजव्या कडेला नीट बघितलंत तर एक कोपर दिसेल. ते माझं. पण हंगाम अत्यंत यशस्वी, बरं का.

आणि आमच्याकडे एका संध्याकाळी दोन सामने असतात. साडेपाचला मुलींचा, साडेसातला मुलांचा. साडेपाचला लोक अजून गाईंचं दूध काढत असतात, बँडवाली पोरं दुसऱ्या हाफला सँडविच खात खात येतात, आणि साडेसात वाजले की माइकवाला घसा खाकरून म्हणतो, "आणि आता, मंडळी, आजचा मुख्य सामना." मुख्य. मुलांचा संघ पंचवीसपैकी एकवीस सामने हरलेला. फेब्रुवारीपर्यंत काय व्हायला लागलं माहितेय? लोक दूध लवकर काढायला लागले. साडेपाचला बाकं भरलेली, साडेसातला सगळे उठून घरी, आणि उरलेली चाळीस माणसं, त्यातले तीस आईबाप, त्यांच्यासमोर हा ओरडतोय, मुख्य सामना. मी त्याला विचारलं, अरे बर्नी, बघ तरी समोर कोण बसलंय. तर म्हणतो, "मला कागदावर जसं लिहून येतं तसं मी वाचतो."

कागदावर कोण लिहितं? रॉजर स्टेन्सरुड. आमच्या कॉलेजचे क्रीडा संचालक. माणूस वाईट नाही हो, तीच तर अडचण आहे, वाईट असता तर भांडायला मजा आली असती. हसरा, गुबगुबीत, प्रत्येकाच्या आजीचं नाव पाठ. मार्चच्या शेवटी कळलं की आमच्या विजेतेपदाचा कापडी फलक शिवायला टाकतायत. तो बास्केटबॉलच्या हॉलच्या छताला टांगतात, आणि एकदा टांगला की टांगला, कुणी काढत नाही. मुलांचा एकोणीसशे एकसष्टचा अजून लटकतोय, त्यातले अर्धे खेळाडू वारलेत. मुलींचा हा पहिला. पहिला, पन्नास वर्षांत. आणि त्यावर काय शिवणार? लेडी रॅम्स. मी मेले तरी माझ्या डोक्यावर चाळीस वर्षं लेडी मेंढा. आम्ही बारा जणींनी लॉकर रूममध्ये मत घेतलं, बारा विरुद्ध शून्य, आणि मी गेले रॉजरकडे.

"ये ये पोरी, काय खेळलात, काय हंगाम झाला."

म्हटलं, रॉजर, तो लेडी काढा.

"अगं, लेडी म्हणजे मान आहे."

मग मुलांना पण द्या ना मान. जेंटलमन मेंढे लिहा.

तर हा हसला. हात पोटावर ठेवून हसला. मी विनोद केला असं त्याला वाटलं. मग पुसले डोळे आणि म्हणतो, "हे बघ, माझं काही नाही गं. पण चौऱ्याहत्तर सालापासूनचं नाव आहे. आर्लीन क्वॅम पहिल्या संघात होत्या, आता या वयात त्यांना किती वाईट वाटेल. त्यांचा तरी विचार कर."

केला. लगेच केला, त्याच दुपारी गेले. आर्लीनबाई चर्चच्या तळघरात गोधडी शिवत बसलेल्या, शेजारी कॉफी. मी सगळं सांगितलं. त्यांनी सुई खाली नाही ठेवली. "आम्ही बस मागितली होती," म्हणाल्या. मला वाटलं ऐकू कमी येतं. म्हटलं, बस नाही हो, नाव. "तेच सांगतेय. मुलांना बस होती. आम्ही जायचो माझ्या भावाच्या गाडीतून, ज्यातून तो बाजाराला मेंढ्या न्यायचा. उणे वीस तापमान, मागे ताडपत्री. आम्ही सहा जणी कॉलेजच्या अध्यक्षांकडे गेलो, बस द्या म्हटलं. त्यांनी पंधरा दिवस विचार केला, आणि म्हणाले, बस नाही जमत, पण तुमचा मान म्हणून तुमच्या नावापुढे लेडी लावतो." मग तुम्ही काय केलंत? "गाडीत बसलो आणि गेलो. सामना होता ना." दोरा दातानं तोडला. "मला आजही कुणी लेडी म्हटलं की मेंढ्यांचा वास येतो. रॉजरला सांग, काढ म्हणावं."

मला रडू यायचं बाकी होतं. धावत गेले, रॉजरला शब्दन् शब्द सांगितला. तर काय म्हणाला माहितेय? मान हलवली. म्हणाला, "आर्लीनचं आता वय झालंय गं." आत्ता ज्यांचा विचार कर म्हणत होता त्यांचं विचार करायचं वय संपलं. दीड तासात. पण हंगाम अत्यंत यशस्वी, बरं का.

मग सत्काराचं जेवण. कॉलेजच्या हॉलमध्ये, आईबाप, शिक्षक, गावातली मंडळी, आणि ताटात काय? चिस्लिक. मटणाचे तळलेले तुकडे, काडीला लावून. मेंढ्यांच्या सत्काराला मेंढीचं मटण, हेही कुणाला खटकलं नाही, जॅझलिन तेवढी माझ्या कानात म्हणाली, "ही आपल्या टीममधली कोण?" रॉजर भाषण करतोय, लेडी रॅम्स इथे, लेडी रॅम्स तिथे. आणि तेवढ्यात आमचे बाबा उभे राहिले. आता आमचे बाबा कसे, तर वर्षाला बारा वाक्यं बोलणार, त्यातली नऊ हवामानावर. लोकांना वाटलं वादळ येतंय.

"रॉजर," बाबा म्हणाले, "तुला ऑक्टोबरात कळपासाठी मेंढा हवाय ना?"

रॉजरकडे घरी चाळीस मेंढ्या आहेत. "हो, हवाय की," तो म्हणाला.

"लेडी देऊ का?"

आणि खाली बसले. एवढंच. पहिल्यांदा हसले पशुवैद्य, मग मागची शेतकरी मंडळी, मग अख्खा हॉल, बँडवाल्यानं झांज वाजवली, एक आजोबा म्हणाले, "घे रे रॉजर, पुढच्या वर्षी कोकरांची वाट बघ." रॉजरचे कान बीटासारखे लाल. हात वर करून म्हणाला, "काढतो बाबांनो, काढतो, उद्या सकाळी फोन करतो."

मला सांगा, आर्लीनबाईंनी सांगून जे झालं नाही, बारा मतांनी झालं नाही, ते एका पुरुषानं तीन शब्दांत केलं. यात आनंद मानायचा का संताप करायचा? मी दोन्ही केलं. पण तोंडावर आनंदच दाखवला, घरी जाताना बाबांना म्हटलं, बाबा, तुम्ही ग्रेट आहात. बाबा म्हणाले, "उद्या पाऊस आहे."

आणि काढला हो, खरंच काढला. मे महिन्यात, पदवीदानाच्या आदल्या दिवशी, फलक वर चढला. निळा मखमली, पिवळी अक्षरं. "रॅम्स. बास्केटबॉल. कॉन्फरन्स विजेते." रॅम्सच्या आधी एक रिकामी जागा, पुढचा दात पडल्यासारखी, कारण रॉजरनं शिवणाऱ्याला फक्त तो एक शब्द गाळा म्हणून सांगितलं, बाकी काही हलवू नका. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी आर्लीनबाईंना चाकांच्या खुर्चीतून आणलं होतं, त्यांनी मान वर करून सगळं वाचलं. मग म्हणाल्या, "सिग्ने, यात आपण कुठे आहोत?"

मी परत वाचलं. रॅम्स. बास्केटबॉल. विजेते. आणि आमच्या पलीकडे दोन माजी विद्यार्थी, टोप्या काढून, मुलांच्या कोचचा हात गदागदा हलवतायत. "वा, ब्रॅड, आम्ही तर ऐकलं होतं यंदा तुमचं काही खरं नाही." आणि ब्रॅड? ब्रॅड म्हणतो, "पोरांनी मेहनत घेतली." एकवीस सामने हरला माणूस. पोरांनी मेहनत घेतली.

मी रॉजरला तिथल्या तिथे गाठलं. म्हटलं, तिथे महिला लिहा, विमेन लिहा, आत्ताच्या आत्ता. त्यानं मान वर करून त्या रिकाम्या जागेकडे बघितलं, बोटानं हवेत मोजलं, आणि अगदी मनापासून, अगदी मायेनं म्हणाला, "पोरी, इंग्रजीत विमेनला पाच अक्षरं लागतात. तिथे चारचीच जागा आहे. चार अक्षरांचा एक शब्द माझ्याकडे शिवून तयार पडलाय, पण तो तुम्हाला नको."

राहू दे म्हटलं. तसंच राहू दे.

परवा सामान न्यायला कॉलेजवर गेले होते. एक बाई, आपल्या मुलीला कॉलेज दाखवायला आलेल्या, फलकाखाली उभ्या. माझी उंची बघून म्हणाल्या, "तू पण खेळतेस वाटतं? तुमच्या मुलांनी काय नाव काढलं गं. माझ्याकडून अभिनंदन सांग हं त्यांना."

सांगते म्हटलं. आणि बाहेर मुलांच्या संघातली पोरं उभी होती, त्यांना सांगितलंही.

पोरं थँक यू म्हणाली.